धानाच्या दाण्याएवढी फट

सूनबाईने नागपुरातल्या नव्या फ्लॅटसाठी पडद्यांचा एक जाडजूड कॅटलॉग आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "बाबा, तुम्हीच निवडा. फार्महाऊस स्टाइल आहे, तुम्हाला आवडेल." मी चष्मा लावला. पहिल्याच पानावर गोणपाट. धुतलेलं, इस्त्री केलेलं, वर पितळी कड्या लावलेलं, पण गोणपाटच. दुसऱ्या पानावर पिठाच्या पोत्यासारखं जाडंभरडं पांढरं कापड, अर्ध्या खिडकीपुरतं. तिसऱ्या पानावर बांबूच्या काड्यांचा पडदा. मी इतका हसलो की बशीतला चहा कॅटलॉगवर सांडला.

सूनबाईला वाटलं, म्हातारा आपल्या आवडीला हसतो आहे. तिला काय सांगणार? हा सगळा माल सायकलच्या कॅरिअरवर बांधून साकोलीभर फिरणारा एक माणूस मी पाहिलेला होता. त्यांनी हा कॅटलॉग शेवटच्या पानापर्यंत शांतपणे पाहिला असता आणि मग एकच प्रश्न विचारला असता. "हे सारं ठीक हाय बाई. पण खिडकीपाशी बसणार कोण?"

ते आमच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळत. मी साकोलीला कारकून म्हणून रुजू झालो ते साल सत्तरच्या पुढचं, आणि तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडलेले होते. मूळचे मोहाडीकडच्या करडीचे. लग्न केलेलं नव्हतं. उंच, मानेत जरा वाकलेले, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी खडू. त्यामुळे खिसा कायम पांढरा. तोंडावर सगळे त्यांना भाऊ म्हणत, पाठीमागे खिडकीबाबू. पाठीमागचं नाव त्यांना चांगलं माहीत होतं. एकदा नव्या शिपायाने चुकून तोंडावरच म्हटलं, तर म्हणाले, "हो जी, बोल." शिपायाचीच पंचाईत झाली.

त्यांना नाद होता तो खिडक्यांचा. आपल्या नव्हे, दुसऱ्यांच्या. साकोलीत तेव्हा नोकरदारांची पक्की घरं उठायला लागली होती. घर झालं की बाई म्हणे पडदे पाहिजेत, आणि पडदे म्हटलं की कोणीतरी भाऊंचं नाव काढी. मग रविवारी सकाळी ते सायकलवरून हजर होत. कॅरिअरला सुतळीने विणलेली एक बुटकी माची बांधलेली असे आणि हँडलला शिदोरी. शिदोरीत भात आणि लाखोळीचं वरण. दुसऱ्याच्या घरी जेवत नसत. चहा घेत, तोही काळा.

आल्या आल्या घरात शिरायचं नाही. आधी बाहेर रस्त्यावर उभं राहून खिडकीकडे पाहायचं, तेही एकदा डावीकडून चालत येऊन, एकदा उजवीकडून. "पयले चोराच्या डोळ्यानं पाहा, मंग शेजाऱ्याच्या, मंग मालकाच्या." मग आत जाऊन माची टेकायची आणि दिवस मावळेपर्यंत बसायचं. बोलणं नाही. ऊन खिडकीतून आत येऊन जमिनीवर जिथवर पोचे तिथे तासातासाला खडूची रेघ. संध्याकाळपर्यंत सारवलेली जमीन रेघांनी भरून जाई, आणि चांगले आठ दिवस ती सारवायची नाही अशी ताकीद असे. बायका वैतागत. एका मास्तरीणबाईने तिसऱ्याच दिवशी सारवून टाकलं, तर भाऊ पुढच्या रविवारी पुन्हा माची घेऊन दारात. "बाई, तुमी हप्ता पुसून टाकला. आता मले पुन्हा बसा लागते."

एवढं करून निकाल काय लागे? बहुतेक वेळा घरातलंच काहीतरी निघे. या खिडकीला धुतलेलं पोतं, उन्हाळ्यात त्याच्यावर पाणी मारा. त्या खिडकीला जुन्या धोतराचा अर्धा पडदा, खालच्या बाजूने, म्हणजे मोरीतली बाई दिसणार नाही आणि आभाळ दिसेल. तिसरीला काहीच नको, समोर चिंच आहे तीच पडदा. नवं फुलाफुलांचं कापड दिसलं की त्यांना दुखल्यासारखं होई. "परसात खरी फुलं, अना मधात कापडाची फुलं. त्याइनं एकमेकाइकडं पाहून करावं काय?"

आमच्या कचेरीत एक साहेब बदलून आले. त्यांनी आपल्या केबिनला जाड हिरवा पडदा लावून घेतला. भाऊ एक फाइल घेऊन आत गेले आणि सहीनंतर म्हणाले, "साहेब, पडदा मोठा सुंदर हाय. पण एक ते तीन तेवढाच ओढलेला असते. तिकडं बस स्टँडावर लोकं त्याच्यावरून घड्याळी लावून राह्यले." आम्ही बाहेर बसलेले सगळे रजिस्टरात माना घालून. साहेब दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाऊंना क्वार्टरच्या खिडक्या पाहायला बोलावलं.

पुतण्याची सोयरीकही त्यांनी खिडकीवरूनच ठरवली. मुलगी पाहायला गेले ते बैठकीत बसलेच नाहीत, घराला एक चक्कर मारून आले. सैपाकघराच्या खिडकीला पिठाच्या पोत्याचं कापड होतं, त्याच्यावरची छापील अक्षरं धुऊन धुऊन पुसट केलेली, आणि चारी काठांना बारीक हातशिवण. भाऊ परत येऊन म्हणाले, "माह्याकडून हो हाय." पोरीचं तोंड त्यांनी लग्नात पाहिलं म्हणतात. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि वर, "निवड चुकली का सांगा," असं विचारीत. चुकली नव्हती. ती सून मी पुढे पाहिली, तिचं सांगतोच.

आम्ही त्यांची थट्टा पुष्कळ केली. मी तर नक्कल करायचो, खडू घेऊन टेबलाखाली शिरायचो. आता लाज वाटते. कारण माझ्यावर वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या कोणाकडे नाही, त्यांच्याकडेच गेलो.

आमचं गाव एकोडी. आई वारली आणि बाबा गावातल्या घरात एकटे पडले. त्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना बांधीत, धानाच्या शेतात, चक्कर आली, चुलतभावाने उचलून आणलं. डॉक्टर म्हणाले, आता शेत नाही. चुलतभावाला शेत ठेक्याने दिलं आणि बाबांना साकोलीला आमच्या नव्या घरी आणलं. घर एकोडीच्या रस्त्यावरच बांधलेलं. मी मोठा विचार करून त्यांना पुढची खोली दिली, आणि बाज बरोबर खिडकीला लावली. म्हटलं, म्हाताऱ्याला रस्ता दिसेल, एकोडीची गाडी दिसेल, बाजाराला येणारी गावची माणसं दिसतील, करमेल. आपल्या हुशारीवर मी खूश होतो.

आठ दिवसांत बाबांनी खिडकीची दारं लावून घेतली. उघडली की लावायचे. भर दुपारी काळोखात बसून असायचे. जेवण अर्ध्यावर आलं. माझी बायको नागपूरची, जिवाला फार लावून घेणारी आणि तितकीच हट्टी. तिला वाटलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल. तिने डॉक्टरीणबाईंच्या घरी पाहिलेले तसे गुलाबी फुलांचे पडदे आणले, तारेच्या स्प्रिंगवर ओवून लावले. बाबांनी दारं उघडी ठेवून दोन दिवस पाहिलं. गाडी गेली की वाऱ्याने पडदा पार कपाळापर्यंत उडायचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा दारं बंद. आता काळोखात गुलाबी फुलंसुद्धा होती.

आणि मग एक दिवस ताटावरून उठताना बाबा म्हणाले, "पोळ्यापर्यंत राहातो. पोळा झाला का मले एकोडीले पोचवून दे."

"तिथं कोण आहे बाबा? छपराचे कवेलू घसरले आहेत, रांधणार कोण?"

"माह्यं मी पाहीन."

माझे वडील फार कमी बोलत, आणि बोललं की करत. एकटे तिथे गेले तर पुन्हा कधीतरी बांधीत पडतील आणि तेव्हा उचलायला कोणी नसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. पोळ्याला पाच आठवडे होते. बायको चुलीशी बसून रडली. म्हणाली, "त्याइले म्हना, माह्यं काय चुकलं थे तरी सांगा."

सोमवारी मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो. भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी थट्टेचा सूड घेतला नाही. एवढंच विचारलं, "बाज खिडकीले लावली का तू? पाय कोणीकडं?"

"रस्त्याकडे."

"हं," म्हणाले, आणि कपाटात डोकं घातलं.

रविवारी आले. रस्त्यावरून दोनदा चालून झालं. आत आले, बाबांना रामराम केला, माची बाजेच्या बाजूला टेकली आणि खिडकी उघडी ठेवायची परवानगी मागितली, "आजचा दिवस फक्त जी." बाबांनी मान हलवली. मग दोघंही गप्प. बाहेरच्या खोलीतून मी आणि बायको आळीपाळीने डोकावत होतो. दहा वाजता एक रेघ. अकराला एक. एकोडीची गाडी आली आणि गेली. भाऊ जमिनीकडे पाहत होते. बारा वाजता काळा चहा. बाबांनीही घेतला, काळाच. दिवसभरात ते एकमेकांशी चार वाक्यं बोलले असतील आणि त्यांतली दोन पावसाबद्दल.

मधेच बायकोला एक सुचलं. भाऊंना वापरलेलं कापड आवडतं हे तिला माहीत होतं. तिने पेटीतून माझ्या आईचं हिरवं लुगडं काढलं आणि नेऊन भाऊंच्या हातात दिलं. "याचा करा पडदा. बाबाले बरं वाटंल." भाऊंनी ते उलगडलं नाही. हातात तोलल्यासारखं धरलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते.

"नाही वो बाई," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "ऊन कापड खाते. दोन वर्सात याचा रंग जाईन. त्याइचं एकडाव तिचं जाणं पाहून झालं, आता आणखी कायले?" आणि ते लुगडं त्यांनी उठून बाबांच्या उशाखाली ठेवलं. बाबांनी नुसता उशीवर हात ठेवला. बायको आत निघून गेली. मीही तिच्या मागे गेलो.

दिवस मावळला, दिवे लागले, तेव्हा भाऊ सैपाकघराच्या दाराशी आले.

"पाह्यलं का तू, गाडीचा आवाज आला का तुह्या बापानं काय केलं?"

"काय केलं?"

"पाय मधात घेतले. सायकल आली, पाय मधात. बैलबंडी आली, पाय मधात. गाडी गेल्यावर लांब करे. दिवसभर हेच." ते खाली बसले. "आता धानाचा रोवणा चालू हाय. सारं एकोडी गुडघ्याएवढ्या चिखलात वाकून हाय. बाजाराले येते-जाते त्याइले काय दिसते? आपला अमका भर दुपारी बाजेवर लोळून हाय. जल्मभर चिखलात उभा राह्यलेला माणूस हाय तो. तू त्याले बिमार म्हणून आणला, अना दुकानातल्या सामानावानी खिडकीत मांडून ठेवला."

मी शेतकऱ्याचा मुलगा. रोवण्याच्या दिवसांत आमच्याकडे तापाने फणफणलेला माणूससुद्धा ओसरीत निजत नाही, आतल्या खोलीत निजतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आणि हे मला कळायला खिडकीबाबू लागले.

बायकोने विचारलं, "मंग बाज मांगच्या खोलीत नेऊ का?"

"न्याल तर पोळ्याच्या आधीच जाईन. रस्ता पाहाले पाहिजे त्याले. गावची माणसं पाहाले पाहिजे. फक्त त्या माणसाइले तो दिसाले नाही पाहिजे."

चिकाचा पडदा करायचं ठरलं. बांबूच्या बारीक काड्या एकीखाली एक सुतळीने बांधत जायच्या, की खिडकीभर पडदा होतो आणि वर गुंडाळता येतो. दिवसा आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काही नाही. दिवा लागला की उलटं, म्हणून दिवा माणसाच्या पाठीमागे ठेवायचा नाही, खिडकीच्याच भिंतीला ठेवायचा, हेही त्यांनी बजावलं. पुढच्या रविवारी बुरडाकडून काड्या तासून घेऊन आले आणि बाबांच्या खोलीतच, बाजेपुढे बसून बांधायला लागले.

"फट केवढी ठेवायची भाऊ?" मी विचारलं.

"धानाच्या दाण्याएवढी."

बाजेवरून आवाज आला. "कोण्या धानाच्या? जाड्या का बारीक चिन्नोरच्या?"

आम्ही सगळे वळलो. पाच-सहा आठवड्यांत बाबांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. भाऊंनी मान वर केली नाही, पण मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना इतका आनंद झाला होता की सुतळी हातातून सुटली.

"तुमी सांगा जी. मी करडीचा, आमच्याकडं जाडाच."

"चिन्नोरची ठेव. जाड्याची ठेवशीन त माणूस दिसंल मधातला." मग बोट दाखवून, "अना हे गाठ कायची बांधून राह्यला तू? पयल्या वाऱ्यात सुटंल हे."

"मंग कशी पाहिजे?"

बाबा बाजेवरून उतरले, खाली बसले आणि भाऊंच्या हातातून सुतळी घेतली. धानाच्या पेंढ्या बांधण्यात ज्या हातांची साठ वर्षं गेली त्यांनी पीळ देऊन एक गाठ मारली, आणि ती ओढून पाहायला भाऊंकडे दिली. भाऊंनी ओढली. पुन्हा ओढली. "माह्या बापाच्यानं सुटत नाही," म्हणाले. पुढचा अर्धा पडदा बाबांनी बांधला.

आता एक सांगतो. भाऊंची गाठ चांगली होती. साकोलीत त्यांनी बांधलेले चिक वर्षानुवर्षं टिकले, एक सुटलेला मी ऐकला नाही. त्या दिवशी त्यांनी गाठ ढिली मारली ती मुद्दाम. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यांच्या तोंडून ते फार पुढे, एकदाच आलं.

चिक लागला. बाबा त्याच्यामागे बसायला लागले. संध्याकाळी जेवताना बातम्या सांगायला लागले, आज अमक्याने बाजारात वांगी आणली, तमक्याचा बैल लंगडतो आहे, पाटलाची सून माहेरी चालली वाटतं. बायको म्हणायची, घरात रेडिओ आला. तरी पोळ्याचं बोलणं त्यांनी मागे घेतलं नव्हतं, आणि विचारायची आमची हिंमत नव्हती.

भाऊंचं मात्र संपलेलं नव्हतं. दर रविवारी ते सायकलवर काड्यांचा नवा भारा घेऊन येत. "मास्तरीणबाईंचा चिक हाय जी. माह्यी गाठ बसत नाही, तुमीच बांधा." पुढच्या खेपेला साहेबांच्या क्वार्टरचा. मग डॉक्टरीणबाईंचा. गुलाबी फुलं तिथूनही उतरली, हे ऐकून बायकोने आपलेही पडदे मुकाट्याने काढले आणि त्यांची गोधडी शिवली. बाबा दिवसभर बाजेवर पाय खाली सोडून काड्या बांधत.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी कचेरीतून दुपारी घरी आलो, तर बाबांनी हाक मारली. "हे वर गुंडाळ रे. हाताले उजेड पुरत नाही."

मी चिक गुंडाळला. रस्ता भरलेला होता, दुसऱ्या दिवशीच्या सणाचा बाजार करून एकोडीची माणसं परत चालली होती. गावचा एक जण बैलांची झूल खांद्यावर टाकून जात होता, तो खिडकीपाशी थबकला. "काय करून राह्यले जी?"

बाबांनी हातातली सुतळी दातांनी तोडली. "दिसत नाही का? काम करून राह्यलो."

"मोठं काम दिसते."

"हं. हप्त्यात पुरं करा लागते. तू जाय, तुले उशीर होईन."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही झाला. एकोडीला पोचवून द्यायचं बाबांनी नाव काढलं नाही, आणि त्यानंतर सात वर्षं ते त्या खिडकीत होते. भाऊ आले की दोघं तसेच समोरासमोर बसत, काळा चहा पीत, आणि चार वाक्यं बोलत.

भाऊ रिटायर झाले आणि करडीला गेले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं, तर म्हणाले की रेघा मारायचं काम आता सोपं होईल. पत्रं यायची, पोस्टकार्डावर तीन ओळी. बाबा वारले तेव्हा मी कळवलं. ते आले नाहीत. उत्तर आलं ते पुतण्याच्या हाताचं, आणि खाली त्यांची सही अशी वेडीवाकडी की मला ओळखू आली नाही. पुढच्या पावसाळ्यात भंडाऱ्याला कोणीतरी भेटलं आणि सांगितलं, खिडकीबाबूंचे हात थरथरतात. पेला धरता येत नाही. बाहेर पडत नाहीत.

मी आणि बायकोने बाबांच्या खिडकीचा चिक उतरवला. एका बाजूच्या आठ-दहा गाठी मी सुरीच्या टोकाने, मोठ्या कष्टाने सोडल्या. बाबांची गाठ ती, सहज थोडीच सुटणार. सकाळच्या गाडीने मी एकटा निघालो.

करडीत त्यांचं घर रस्त्याला लागून होतं. पुढच्या खिडकीला चिक. पूर्ण खाली सोडलेला. बाहेर गाव रोवण्याला गेलं होतं. पुतण्याची बायको दारात आली, पिठाच्या पोत्याला हातशिवण घालणारी ती हीच. पाणी देताना हळूच म्हणाली, "दिवसभर त्या खिडकीमांगंच बसून राहाते जी आमचे मामाजी. चिक वर केला का रागावते."

मी आत गेलो. भाऊ माचीवर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. रामराम केला. मी खाली बसलो आणि काही बोललो नाही. तास गेला असेल. बाहेरून एक सायकल गेली. भाऊंनी पाय मागे घेतले.

मग मी चिक उलगडला. "भाऊ, बाबांच्या खिडकीचा आहे. गाठी सुटल्या. मला येत नाहीत. तुम्ही सांगाल तशा बांधतो."

त्यांनी वाकून पाहिलं. नाक अगदी काड्यांना लागेपर्यंत. "सुटल्या?" म्हणाले. "तुह्या बापाची गाठ सुटली? हे सुरीनं सोडली हाय." आणि माझ्याकडे पाहून हसायला लागले, इतके की खोकला आला आणि सून धावत आली. "माह्यी युगत माह्यावरच चालवून राह्यला का गा? थेही अशी कच्ची?"

माझे कान तापले. म्हटलं, "हो."

हसू ओसरल्यावर ते पुन्हा त्या काड्यांवर वाकले. मग म्हणाले, "बस इकडं. सुतळी आधी ओली कर. असा नाही, उलटा पीळ दे. तुह्या बापानं असा दिला होता." मी बांधत गेलो, ते सांगत गेले. तिसरी गाठ बिघडली तेव्हा त्यांनी मांडीखालचा हात काढला आणि थरथरत्या बोटाने नेमकं कुठे चुकलं ते दाखवलं. बोट फटीवर ठरेना. मी त्यांचा हात धरला नाही. थांबलो. शेवटी ठरलं.

दुपार कलली, काम झालं. उजेड कमी पडत होता. मी विचारलं, "भाऊ, खिडकीचा चिक वर करू?"

त्यांनी विचार केला. "पुरा नोको. मी कोठं बांधून राह्यलो, तूच बांधून राह्यला. मी त नुसता सांगून राह्यलो." आणि मग, "अर्धा कर."

मी अर्धा गुंडाळला. सुनेने चहा आणला. काळा.

निघताना सांगितलं, पुढच्या महिन्यात येतो, साकोलीत तीन घरच्या खिडक्या पाहायच्या आहेत, मला कळत नाही. हे खोटं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. "रेघा मारून आण," म्हणाले, आणि खिशातला खडू मला काढून घ्यायला लावला.

परतीची गाडी त्यांच्या घरावरूनच जात होती. मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीत बसलो. अर्ध्या वर केलेल्या चिकाखालून त्यांचे दोन पाय दिसले, काळे, लांब केलेले. ड्रायव्हरने वळणावर जोरात हॉर्न दिला. मी पाहत राहिलो. गाडी पार पुढे निघून गेली, तरी भाऊंनी पाय मागे घेतले नाहीत.